तोळा एक, वजनं दोन

गेल्या आखाजीला आई आणि मावशी दोघी मामाकडे, म्हणजे त्यांच्या माहेरी गेल्या होत्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा लेकीबाळींचा सण. झोके झाले, गौराईची गाणी झाली, आमरस आणि खापरावरचे मांडे झाले, आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी ठरवलं की जळगावला जाऊन पाटल्या उजळून आणायच्या. आजीनं दोन्ही लेकींना लग्नात चार-चार तोळ्यांच्या पाटल्या घातल्या होत्या. 'दोघींना सारखं' हे ती शेवटपर्यंत सांगायची. मावशीच्या पाटल्या आजीच्या स्वतःच्या अंगावरच्या. आई धाकटी, मधे वीसेक वर्षांचं अंतर, त्यामुळे तिच्या वेळी सोनं नव्यानं घेतलेलं.

सराफानं उजळायला घेण्याआधी दोन्ही जोड काट्यावर ठेवले आणि पावती लिहिली. मावशीच्या पाटल्या ४८.३१० ग्रॅम. आईच्या ४०.०५० ग्रॅम.

आई दुकानात काही बोलली नाही. घरी आल्यावर, दिवेलागणीला, माझ्याजवळ बसून म्हणाली, "आईनं थोरलीला जास्तच दिलं ना शेवटी."

मी एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसते. 'तोळा' हा शब्द दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी माझ्या कानावर पडतो. आमच्याकडच्या जुन्या बायका तो 'तोया' असा उच्चारतात. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ' चा 'य' होतो, केळी 'केयी' होते, डोळा 'डोया' होतो. "मनी पोत पाच तोयानी शे," असं म्हणत आजीबाई रुमालाची गाठ सोडतात, काटा भलताच आकडा दाखवतो, आणि बरोबर आलेला नातू गोंधळतो. त्यामुळे आईचं बोलणं ऐकल्यावर मला लगेच कळलं की हा आजीच्या मायेचा प्रश्न नाही, गणिताचा आहे. चार तोळे आणि चार तोळे यांत साडेसहा ग्रॅमांहून जास्त फरक पडू शकतो, आणि दोन्ही चार तोळे खरे असू शकतात. सोनं घराघरात आहे, त्यावरून मनं दुखावतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

गुंजेपासून

तोळ्याच्या मुळाशी एक बी आहे. गुंज. लाल चुटुक, एका टोकाला काळा ठिपका. सातपुड्याच्या पायथ्याला कुंपणावर, बांधावर हा वेल आपोआप चढतो. पाला गोडसर, विड्यात घालतात. हिवाळ्यात शेंगा तडकतात आणि आत या बिया दिसतात. बी दिसायला देखणं असलं तरी विषारी आहे, चावून पोटात गेलं तर जीवावर बेतू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात ते खेळायला देऊ नये.

सोनं तोलायला बीच का? कारण ते हाताशी असतं, कडक असतं, पावसाळ्यात सहसा ओलं होऊन फुगत नाही, वर्षानुवर्षं वाळून हलकंही होत नाही, आणि एका वेलावरच्या बिया वजनाला बऱ्यापैकी सारख्या निघतात. इंग्रजांचा 'ग्रेन' हाही मुळात धान्याचा दाणाच, जवाचा. जगात जिथे जिथे मौल्यवान वस्तू तोलायची वेळ आली, तिथे माणसानं आधी बी शोधलेलं दिसतं.

आपल्याकडचा हिशेब असा: आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. हा आठ आणि बाराचा मेळ डोक्यात बसायला आजच्या दशमान पद्धतीत वाढलेल्याला अवघड जातो, पण तोंडी हिशेबाला तो फार सोयीचा. बाराचे अर्धे, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा, सगळे पूर्ण आकड्यात येतात. तिघा भावांत एक तोळा वाटायचा तर प्रत्येकी चार मासे. हेच दहा ग्रॅमचं करून बघा, ३.३३३ च्या पुढे संपतच नाही.

मामाच्या बांधावरून आणलेल्या गुंजा मी एकदा तोलून पाहिल्या. कामाला सुरुवात व्हायच्या आधी, आमच्याच काट्यावर. निवडून, टपोऱ्या, चोवीस. एकेकटी ठेवली तर कुठली ०.१० ग्रॅम, कुठली ०.१३. पण चोवीसच्या चोवीस एकदम ठेवल्या तर २.८ ग्रॅमच्या आसपास. पुस्तकी हिशेबानं चोवीस गुंजांचे २.९१६ ग्रॅम व्हायला हवेत. एका रानवेलानं इतकं जवळ यावं, हे मला अजूनही नवल वाटतं. पण अडचणही तिथेच दिसली. जवळ येणं म्हणजे तंतोतंत असणं नव्हे. या गावच्या सराफाच्या गुंजा टपोऱ्या आणि त्या गावच्या बारीक, तर दोन गावांचे तोळे वेगळे होणार. आणि तसे ते होतेच.

रुपयाच तोळा

तोळा पक्का केला तो रुपयानं. कंपनी सरकारनं १८३३ मध्ये बंगालात नियम करून १८० ग्रेन वजनाचा तोळा हे प्रमाण ठरवलं, आणि १८३५ च्या नाणे कायद्यानं कंपनीच्या सगळ्या मुलखात त्याच वजनाचा चांदीचा रुपया लागू झाला. १८० ग्रेन म्हणजे ११.६६३८ ग्रॅम. रुपया एक तोळ्याचा, तोळा एक रुपयाचा. त्याआधी ठिकठिकाणच्या टाकसाळींचे वेगवेगळे रुपये बाजारात फिरत; आपल्या शेजारच्या चांदवडचा चांदवडी रुपया त्यांतलाच. कुठलं नाणं किती वजनाचं, किती कसाचं, हे पारखणं हाच सराफाचा मूळ धंदा. दागिने घडवणारा सोनार आणि नाणी पारखणारा सराफ, ही दोन वेगळी कामं होती.

एकसारख्या रुपयानं एक मोठी सोय केली. वजनाचा खडा घराघरात पोचला. ज्याच्याकडे कलदार रुपया आहे, त्याच्याकडे तोळ्याचं वजन आहे. एका पारड्यात चार रुपये टाकायचे, दुसऱ्यात पाटल्या. दांडी आडवी राहिली की चार तोळे. त्यासाठी सराफावर विश्वास ठेवायची गरज नाही, वाचता येण्याची गरज नाही. आजीनं आयुष्यात शाळा पाहिली नव्हती, पण तिचं सोनं किती हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येत होतं. १९४० नंतर रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ ला तर निकेलचा रुपया निघाला, पण वजन तेच ठेवलं, ११.६६ ग्रॅम. जुन्या डब्यात असा एखादा रुपया सापडला आणि तो फार झिजलेला नसला, तर आजही तो काट्यावर ठेवून बघा. तुमच्या हातात खरा तोळा असेल.

याच तोळ्यावर वरची सगळी माडी उभी होती. पाच तोळ्यांची छटाक, दहा तोळ्यांचं नवटाक, वीस तोळ्यांचा पावशेर, ऐंशी तोळ्यांचा शेर, पाच शेरांची पासरी, चाळीस शेरांचा मण. म्हणजे किराणा दुकानातली साखर आणि सराफाकडची पोत एकाच मापाच्या नात्यातली. शेर भरतो ९३३.१ ग्रॅम, मण भरतो ३७.३२ किलो. 'पैशाला पासरी', 'शेरास सव्वाशेर', 'अंगावर गुंजभर सोनं नाही', हे सगळं याच व्यवहारातून तोंडी बसलं. 'पैशाला पासरी' म्हणताना एका पैशात पावणेपाच किलोंच्या आसपास माल मिळतोय असं आपण म्हणत असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगते. शेर हे वजनही होतं आणि मापही. चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्य भरून मोजायची भांडी. चार शेरांची पायली. ज्वारीचा शेर आणि बाजरीचा शेर मापानं सारखा, वजनानं वेगळा. जुन्या कागदावर 'शेर' दिसला की आधी बघावं, तोललेलं आहे की मोजलेलं.

मग दहा ग्रॅम कुठून आले?

स्वातंत्र्यानंतर वजनमापांचा १९५६ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅमची वजनं आली. पुढच्या काही वर्षांत जुनी वजनं व्यवहारातून हद्दपार झाली. वजनं गेली, पण शब्द कुठे जातात? ते रिकामे राहिले आणि जवळचा जो गोल आकडा दिसला त्याच्यावर जाऊन बसले.

बघा कसं. शेर ९३३ ग्रॅमचा होता, जवळचा गोल आकडा एक किलो. शेर किलोवर जाऊन बसला. पावशेर २३३ ग्रॅमचा होता, तो २५० ग्रॅमवर बसला. आज बाजारात भरताची वांगी घेताना कुणी 'पावशेर दे' म्हणालं तर भाजीवाला पाव किलोचंच वजन टाकतो, कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि तोळा? तो ११.६६ ग्रॅमचा होता, सोन्याचा भाव निघू लागला दहा ग्रॅमला, म्हणून तोळा दहा ग्रॅमवर येऊन बसला.

माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. शेर-पावशेर बदलले तेव्हा वाढले. तोळा बदलला तेव्हा आकसला. सव्वाचौदा टक्क्यांच्या आसपास घटला. भाजीत पाव-अर्धा छटाक इकडेतिकडे झाली तर कळत नाही, पण सोन्यात १.६६ ग्रॅम म्हणजे गंमत नाही. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरला, तर जुन्या आणि नव्या एका तोळ्यात १६,६३८ रुपयांचा फरक येतो.

जुना तोळा पूर्ण मेलेलाही नाही. सोन्याचं 'बिस्कीट' म्हणतात ते दहा तोळ्यांचं, आणि ते आजही ११६.६४ ग्रॅमचंच असतं, शंभरचं नाही. जगाच्या बाजारात सोनं औंसावर विकलं जातं. सोन्याच्या एका औंसात ४८० ग्रेन, म्हणून आठ जुने तोळे बरोबर तीन औंस होतात. व्यापाऱ्यांना हा मेळ सोयीचा, त्यामुळे बिस्किटात तो टिकला. दुकानात, बातमीत आणि बायकांच्या बोलण्यात मात्र तोळा दहा ग्रॅमचा झाला. आमच्याकडच्या पेपरात 'दोन तोळ्यांची मंगळपोत लांबवली' असा मथळा असतो आणि खाली बातमीत '२० ग्रॅम वजनाची'.

कायद्याच्या नजरेत तर दोन्ही तोळे नाहीत. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार व्यवहार ग्रॅममध्येच व्हायला हवा. पावतीवर ग्रॅम-मिलिग्रॅमच लिहिलेलं असतं, सोनेतारणाच्या कर्जाच्या कागदावरही तेच. तोळा फक्त तोंडी उरला आहे. पण आपल्याकडचे मोठे व्यवहार आधी तोंडीच तर होतात.

पापड फुलेनात

सोन्याचं बाजूला ठेवून स्वयंपाकघरातलं एक सांगते, कारण मला स्वतःला हा प्रकार आधी तिथे समजला.

आजीचं उडदाच्या पापडाचं प्रमाण आईनं एका वहीत उतरवून ठेवलं आहे: 'शेर पिठाला अडीच तोळे पापडखार.' उन्हाळ्यात आम्ही वीस-वीस किलोंचे पापड करतो, गल्लीतल्या बायका पोळपाट घेऊन येतात. एका वर्षी वहीतलं प्रमाण मीच काढून दिलं. शेर म्हणजे किलो, तोळा म्हणजे दहा ग्रॅम, म्हणून किलोला पंचवीस ग्रॅम खार. पापड लाटले, वाळवले, भाजले; पण आजीच्या पापडासारखे हलके फुलेनात. आईनं पाणी बदललं, उडीद बदलले, मला बोल लावला की पीठ नीट कुटलं नाहीस.

चूक पिठात नव्हती. आजीचा शेर ऐंशी तोळ्यांचा. ऐंशी तोळ्यांना अडीच तोळे, म्हणजे बत्तीस भागांना एक भाग. किलोला हे ३१ ग्रॅमहून थोडं जास्त येतं. मी शेर वाढवला आणि तोळा कमी केला, दोन्ही चुका एकाच दिशेला गेल्या, आणि खार थेट वीस टक्के कमी पडला. जुन्या वहीतलं प्रमाण वाचताना ग्रॅममध्ये उतरवू नका. आधी तोळ्यालाच तोळ्यानं भागा, किती भागांना किती भाग ते काढा, मग आजच्या वजनात घाला. काढ्याच्या, लोणच्याच्या, चुरणाच्या जुन्या कागदांनाही हेच लागू आहे.

मण कुठला, खंडी कुठली

एका शब्दाची दोन वजनं हे खान्देशातल्या कापूसवाल्यांना नवीन नाही. शेतकरी कापूस क्विंटलवर विकतो, पण जिनिंगमधून रुई निघाली की भाव खंडीवर बोलला जातो, आणि ही खंडी ३५६ किलोंची. ती आली जुन्या मुंबई बाजारातल्या ७८४ पौंडांच्या खंडीतून, म्हणजे २८ पौंडांचे २८ मण. तो मुंबईचा मण जेमतेम पावणेतेरा किलोंचा. सरकारी मण मात्र सव्वासदतीस किलोंहून जास्त. आणि नवापूर ओलांडून गुजरातेत गेलं की मण वीस किलोंचा. नंदुरबारकडचे व्यापारी म्हणूनच भाव ऐकला की आधी विचारतात, 'मण कुठला?' मालात ही विचारायची सवय राहिली. सोन्यात ती गेली, कारण 'तोळा म्हणजे तोळा' असं सगळ्यांनी धरून ठेवलं.

खिडकीवर काय दिसतं

माझ्यासमोर दोन प्रकारची माणसं येतात.

एक, जुनं सोनं घेऊन येणारी. आजीबाई म्हणतात पाच तोळे, काटा दाखवतो ५७-५८ ग्रॅम. जुने पाच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम, थोडी झीज धरली तर आजीबाईंचं म्हणणं चोख. इथे ग्रॅमनं हिशेब झाला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते घरात, जेव्हा तोंडी हिशेबावर वाटणी होते. 'पाच तोळ्यांची पोत तू घे, तुझ्या हिश्शाचे पाच लाख वजा.' लाखाच्या भावानं ते सोनं वजनानंच पाच लाख त्र्याऐंशी हजारांचं असतं. मोड देताना तर कधीही तोळ्यांत बोलू नका. काटा बघा, काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का बघा, ग्रॅम कागदावर लिहून घ्या.

दुसरी, लग्नाची यादी करून आलेली. मुलीच्या अंगावर पाच तोळे घालायचे ठरतात. मुलाचे वडील ५० ग्रॅमचे दागिने करून आणतात. मुलीची आजी जुन्या हिशेबाची. तिनं कलदार रुपयांनी तोललं तर ते चार तोळे साडेतीन माशांच्या आत भरतं. तिला वाटतं, आपल्याला फसवलं. ते म्हणतात, आम्ही बोललो तेवढं घातलं. दोघंही खरं बोलत असतात. यादीवर 'पाच तोळे' ऐवजी '५० ग्रॅम, २२ कॅरेट' एवढे शब्द लिहिले असते तर मंडपात तोंडं फिरली नसती.

२२ कॅरेट हे वेगळं सांगायला हवं, कारण पुष्कळ जण वजन आणि कस यांची गल्लत करतात. तोळा सांगतो किती, कॅरेट सांगतो कसलं. चोवीस भागांत बावीस भाग सोनं म्हणजे २२ कॅरेट, शंभरात ९१.६, म्हणून हॉलमार्कमध्ये ९१६ हा आकडा असतो. १ एप्रिल २०२३ पासून सराफानं विकलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांकही लागतो. आजीच्या दागिन्यावर यातलं काही नसणार. तिच्या काळी सराफ काळ्या कसोटीवर सोनं घासून रेघेचा रंग बघायचा. बावन्नकशी म्हणायचं ते या कसावरून. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते अशा चोख कसाच्या नावलौकिकावर; मराठवाड्या-विदर्भातून लोक लग्नाचं सोनं घ्यायला आमच्या सराफ बाजारात येतात. तरीही जुना दागिना तपासूनच घ्यावा. १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि काही वर्षं चौदा कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी होती. त्यात किती कारागिरांची चूल विझली. त्या काळातला दागिना वजनाला भरेल, पण कसाला भरेलच असं नाही.

शिवाय मंगळपोतीत काळे मणी असतात, दोरा असतो, पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते. एकूण वजनातून हे वजा केल्यावर जे उरतं ते सोनं. आजीबाईंना मी हे समजावते तेव्हा त्या मणी मोजतात. एकदा एकीनं मला विचारलं, "मण्यांचे किती धरले, ते लिही." मला ते फार आवडलं. प्रत्येकीनं तसं विचारावं.

जुनी चिठ्ठी हाताशी असेल तर हिशेब सोपा आहे. तोळ्यांना ११.६६४ नं गुणा, माशांना ०.९७२ नं, गुंजांना ०.१२१५ नं, आणि तिन्हींची बेरीज करा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम.

आता आईच्या पाटल्यांकडे येते.

त्या संध्याकाळी मी आईला एवढंच सांगू शकले की मावशीचे चार तोळे जुने, म्हणून ते ४६.६६ ग्रॅम, तुझे नवे, म्हणून ४० ग्रॅम. आईनं लगेच पकडलं. "मग अठ्ठेचाळीस कसे आले?" बरोबर होतं तिचं. साठ-पासष्ट वर्षं हातात घातलेल्या पाटल्या झिजून ४६.६६ पेक्षा कमी भरायला हव्यात, आणि त्या दीड ग्रॅमहून जास्त वर भरत होत्या. मला उत्तर देता आलं नाही.

दोन दिवसांनी मामानं आजीची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी कापडात गुंडाळलेली चिठ्ठी निघाली, तिचा फोटो त्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवला. निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं: 'पाटल्या जोड १. तोळे ४, मासे २, गुंजा ३.' आजी बोलताना वरचे मासे-गुंजा सोडून द्यायची, चार तोळेच म्हणायची. आपणही साडेचारशेला काही रुपये वर असले तर साडेचारशेच म्हणतो.

चार तोळ्यांचे ४६.६५५, दोन माशांचे १.९४४, तीन गुंजांचे ०.३६५. एकूण ४८.९६४ ग्रॅम. आज भरल्या ४८.३१०. मधले ०.६५ ग्रॅम झीज. आईला ग्रॅम सांगून काही वाटलं नाही, म्हणून मी ते गुंजांत करून सांगितलं: पाच गुंजा आणि वर थोडं. इतकी वर्षं भाकरी थापताना, भांडी घासताना, शेतात निंदताना मावशीच्या मनगटावरून पाच गुंजा सोनं गेलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आईनं चार तोळेच सांगितले होते दोन्ही वेळा."

"हो."

"आणि सराफानं चाळीस ग्रॅम दिले."

"त्यानंही बरोबरच दिले, त्याच्या तोळ्यानं."

"आणि वरचे दोन मासे?"

"ते जोडीबरोबरच आलेले. आजी ते कसे कापून घेणार होती?"

आई उठली, पापडाची वही घेऊन आली. 'शेर पिठाला अडीच तोळे' या ओळीखाली तिनं 'किलोला ३१ ग्रॅम' असं लिहिलेलंच होतं. त्याच्याखाली एक ओळ सोडून तिनं लिहिलं: 'पाटल्या जोड १, ४०.०५० ग्रॅम, २२ कॅरेट.' मग मावशीला फोन लावला.